हरणासाठी कोणती रायफल?

प्रश्न: विस्कॉन्सिनला येऊन सहा वर्षं झाली. शेजाऱ्याबरोबर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचंय, सुरक्षेचा कोर्स झालाय. .३०८ मापाच्या गोळीसाठी टिक्का टी३एक्स घेऊ की रेमिंग्टन ७००?

उत्तर: माझी पहिली रेमिंग्टनच, सेकंडहँड. १९६२ पासूनचं मॉडेल, त्यामुळे सुटे भाग हवे तेवढे मिळतात. पण तिचा बोल्ट, म्हणजे प्रत्येक गोळी भरायला हातानं उचलून मागेपुढे करायचा दांडा, उचलायचा ९० अंश, टिक्काचा ७०. कागदावर किरकोळ वाटतं ना? कडाक्याच्या थंडीत जाड हातमोजे घालून घाईघाईनं दुसरी गोळी भरताना माझी बोटं स्कोपवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, आपटली, तेव्हा ते वीस अंश कळले. आता मी टिक्काच नेतो. फिनलंडची, वजनाला हलकी, बोल्ट अगदी सुळकन सरकतो. हलकी म्हणून खांद्याला दणका जरा जास्त, पण .३०८ मध्ये सोसवतो. खोट एकच: मॅगझिन (गोळ्यांची पेटी) सुटं, प्लॅस्टिकचं. माझं एक बर्फात गेलं आणि नवं घेताना जीव हळहळला!

दुकानात डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. स्कोपमध्ये काळी कड दिसली, तर दस्ता (खांद्याला टेकणारा भाग) तुमच्या मापाचा नाही किंवा स्कोप पुढेमागे सरकवायला हवा. आणि सगळे पैसे रायफलीत घालू नका, स्कोप अजून घ्यायचाय.