पास्टर पगार घेत नाहीत, म्हणून ३६,००० डॉलर?

प्रश्न : सर, आम्ही मूळचे अहिल्यानगरचे ख्रिस्ती. चौदा वर्षांपासून टेक्सासमध्ये आहोत, दोघंही आता अमेरिकन नागरिक. मी नर्स (वर्षाला ८४,००० डॉलर), मिस्टर एका कंपनीच्या लॅबमध्ये (९२,०००). दोन शाळकरी मुलं. आजी स्वयंपाकाआधी मूठभर धान्य चर्चसाठी बाजूला काढायची, त्या घरातली मी. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) कधी चुकवला नाही. इथल्या आमच्या चर्चला दर रविवारी सहा-सात हजार माणसं असतात. आता नवीन सभागृह बांधायचंय, त्यासाठी प्रत्येक कुटुंबाने तीन वर्षांचं वचनपत्र भरायचंय. दशांशाशिवाय वेगळे ३६,००० डॉलर लिहावेत असं माझ्या मनात आहे. हातात एवढे नाहीत, म्हणून घरावर होम इक्विटी लोन काढू म्हणते. मिस्टर तयार नाहीत. ते पास्टरांचं घड्याळ आणि बूट दाखवतात. मी म्हणते, पास्टर चर्चकडून एक डॉलरही पगार घेत नाहीत, मग आपला पैसा सुरक्षितच ना? पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वचनपत्राचं कार्ड द्यायचंय.

उत्तर : ताई, कर्ज काढू नका, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

प्रश्नासोबत तुम्ही पाठवलेलं पत्र आणि हिशोबाचे कागद वाचताना मला माझे वडील आठवले. आम्ही ख्रिस्ती नाही, पण आमच्याकडेही एक महाराज येत. ते पैशाला हात लावत नसत, याचं वडिलांना फार कौतुक. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. महाराजांच्या मागे खाकी पिशवी घेऊन एक शिष्य चाले, पाकिटं त्या पिशवीत पडत. पिशवी कुठे रिकामी होते हे गावात कोणी कधी विचारलं नाही. महाराज चोर होते असं मी म्हणत नाही. खरंच साधे असतील. पण त्यांचा हात कोरा आहे एवढ्यावरून पिशवीचा हिशोब लागत नव्हता.

तुमच्या घरात नेमकं हेच चाललंय. मिस्टर मनगट बघतात, तुम्ही पगार बघता, आणि पिशवीकडे दोघांचंही लक्ष नाही.

पगार न घेण्याचंच बघा. ह्यूस्टनच्या लेकवुड चर्चचे जोएल ऑस्टीन २००५ पासून चर्चचा पगार घेत नाहीत. पुस्तकांवर आपलं भागतं असं ते सांगतात. त्याच वर्षी त्यांचं चर्च ह्यूस्टन रॉकेट्स जिथे बास्केटबॉल खेळायचे त्या स्टेडियममध्ये आलं, सुमारे १६,००० खुर्च्यांचं. तिथे पैशाचं आकारमान काय असतं ते सांगतो. मार्च २०१४ मध्ये त्या चर्चच्या तिजोरीतून सुमारे ६ लाख डॉलरची रोख आणि चेक चोरीला गेले. ते एका शनिवार-रविवारचं अर्पण होतं, आणि त्यात ऑनलाइन आलेलं धरलेलं नव्हतं. (२०२१ मध्ये तिथे टॉयलेट दुरुस्त करणाऱ्या एका प्लंबरला भिंतीच्या आत रोख आणि चेकची पाकिटं सापडली. हा किस्सा मी सेमिनारमध्ये सांगतो तेव्हा लोकांना गंमत वाटते. मला मात्र आठवड्याला ६ लाख हा आकडाच जास्त लक्षात राहतो.) ऑस्टीन रिव्हर ओक्स या ह्यूस्टनमधल्या सर्वांत महागड्या वस्तीत राहतात. पुस्तकाची कमाई त्यांची, घर त्यांचं, बेकायदेशीर काहीच नाही. पण कोणताही पाळक पगार घेत नाही असं म्हणतो तेव्हा मी एवढंच विचारतो, की व्यासपीठ चर्चचं, कॅमेरे चर्चचे, टीव्हीचा वेळ चर्चच्या पैशाने घेतलेला, मग त्या प्रसिद्धीवर खपणाऱ्या पुस्तकाचे हक्क कोणाचे?

दुसरं टोक कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचे रिक वॉरन. २००२ च्या एका पुस्तकाचा अफाट खप झाला, तेव्हा चर्चकडून २५ वर्षांत घेतलेला पगार त्यांनी परत केला. उत्पन्नातले ९० टक्के देऊन १० टक्क्यांवर राहतो, असं ते जाहीरपणे सांगत आले. घर तेच, गाडी जुनी फोर्ड. मला हा माणूस आवडतो. पण २०२२ मध्ये ते निवृत्त झाले आणि चर्च दुसऱ्या पास्टरांकडे गेलं. त्यांची नम्रता त्यांच्याबरोबर घरी गेली, मागे उरली ती कमिटी आणि तिची वही. तुमचं वचनपत्र तीन वर्षांचं आहे आणि इमारत पन्नास वर्षांची, तेव्हा ती वहीच तपासायला हवी.

खरं सांगायचं तर उधळेपणा ओळखायला सोपा. २०१५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या पास्टर क्रेफ्लो डॉलर यांनी साडेसहा कोटी डॉलरच्या विमानासाठी लोकांकडे पैसे मागितले. २०१८ मध्ये लुइझियानाच्या जेसी डुप्लँटिस यांना ५ कोटी ४० लाखांचं चौथं विमान हवं होतं. असल्या माणसाला तुम्ही एक डॉलर दिला नसता. तुम्हाला धोका आहे तो साधेपणाचा, कारण साधेपणा पाहिला की आपण प्रश्न विचारायचंच सोडून देतो.

तरी क्रेफ्लो डॉलर यांची पुढची गोष्ट तुमच्या कामाची आहे. २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की दशांशाबद्दल आपण इतकी वर्षं जे शिकवलं ते बरोबर नव्हतं. जुनी पुस्तकं-व्हिडिओ टाकून द्या म्हणाले. तोवर दिलेले पैसे कोणाला परत मिळाले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आता इमारतीकडे येऊ. कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हचं क्रिस्टल कॅथीड्रल बाहेरून पाहिलं तरी डोळे दिपतात, सगळी काच. पास्टर रॉबर्ट शूलर यांनी ते १९८० मध्ये उभं केलं आणि टीव्हीवरून जगभर पोचवलं. शूलर थकले, घरात वारसाचं जमेना, देणारे पांगले. २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ती वास्तू शेवटी ५ कोटी ७५ लाख डॉलरला ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताकडे गेली. सिअ‍ॅटलचं मार्स हिल चर्च त्याहून झटपट संपलं. पास्टर मार्क ड्रिस्कॉल यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये राजीनामा दिला आणि नवीन वर्ष उजाडायच्या आत पंधराएक शाखांचं चर्च विसर्जित झालं. त्याआधीच बाहेर आलं होतं, की त्यांचं पुस्तक बेस्टसेलर यादीत घालायला चर्चने एका कंपनीला दोन लाखांवर डॉलर मोजले होते. एका माणसाच्या आवाजावर उभा असलेला धंदा असेल तर बँक कर्ज देताना शंभरदा विचार करते. तुम्ही तर घर गहाण ठेवून देणार आहात.

त्या कर्जाचं गणित आता नीट बघा. ३६,००० डॉलर, तुम्हाला सांगितलेला दर साडेआठ टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता येतो ४४६ डॉलर. चर्चला पोचतात ३६,०००, तुमच्या खिशातून जातात ५३,५०० च्या वर. हे पैसे घर घ्यायला किंवा सुधारायला वापरलेले नसल्याने या व्याजावर टॅक्समध्ये सूट नाही. आणि हप्ते थकले तर बँक घरावर येते, चर्चवर नाही.

तुमच्या महिन्याच्या हिशोबात ११,२०० हातात येतात. दशांश १,४६७, घराचा हप्ता टॅक्स-इन्शुरन्ससकट २,६५०, मग गाड्या, मुलं, किराणा, आईंना पाठवता ते ३००, असं करत खाली उरतात ३५०. हप्ता ४४६ आणि उरतात ३५०, इथेच खरं तर उत्तर संपतं. पण त्या कागदांत आणखी दोन गोष्टी आहेत ज्या तुम्ही प्रश्नात लिहिल्या नाहीत. क्रेडिट कार्डावर ६,८०० डॉलर थकलेत, २४ टक्क्यांनी. म्हणजे महिन्याला १३६ नुसतं व्याज. आणि मिस्टर ४०१(के) मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, पगाराच्या ३ टक्केच भरतात, त्यांची कंपनी मात्र ६ टक्क्यांपर्यंत तेवढीच भर घालायला तयार आहे. वर्षाला २,७६० डॉलर कंपनी देऊ करते आणि तुम्ही घेत नाही. तीन वर्षांचे झाले ८,२८०.

दशांश द्यावा की नाही हे मी सांगणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण तुम्ही तो ग्रॉसवर, म्हणजे टॅक्स वगैरे कापण्याआधीच्या पगारावर काढता. हातात येणाऱ्या रकमेवर काढला तर १,१२० होतो, महिन्याला ३४७ मोकळे होतात. दोन्ही पद्धतींनी देणारी भाविक कुटुंबं माझ्याकडे आहेत. उरलेल्या ३५० मध्ये हे मिळवलं तर सुमारे ७०० झाले. त्यातले १८० मिस्टरांचं ४०१(के) सहा टक्क्यांवर नेण्यात जातील, बाकी ५१५ कार्डावर टाका, सोळा महिन्यांत कार्ड कोरं. ग्रॉसवरच द्यायचा असेल तर तेही चालेल, पण मग कार्डाला १७० च राहतात आणि ते फिटायला पावणेसात वर्षं लागतात. मी तुमच्या जागी असतो तर वचनाची तीन वर्षं नेटवर (हातात येणाऱ्या रकमेवर) दिला असता आणि नंतर पुन्हा ग्रॉसवर गेलो असतो. हे मात्र तुम्ही दोघांनी ठरवायचं.

आजीच्या मुठीचं तुम्ही लिहिलंत. ती मूठ घरच्या डब्यातून निघायची ना? किराणावाल्याकडून उधारीवर तांदूळ आणून त्यातली मूठ आजीने काढली नसती.

‘टॅक्समध्ये परत येतं’ असं चर्चमध्ये कोणी सांगितलं म्हणता. अर्धवट खरं आहे. २०२६ साठी नवरा-बायकोला ३२,२०० ची स्टँडर्ड सूट काही न देताही मिळते. ती किंवा प्रत्यक्ष खर्चांची बेरीज, यातलं एकच घेता येतं. तुमचं घराचं व्याज आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून २३,४०० आहे, म्हणजे दशांशातले पहिले ८,८०० त्या मर्यादेपर्यंत पोचण्यातच जातात. शिवाय २०२६ पासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतकं दान सूटीत धरत नाहीत. सतरा हजार सहाशेच्या दशांशावर खरा फायदा सुमारे १,७०० चा. वरच्या प्रत्येक डॉलरला २२ सेंट. आणि २५० किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक देणगीची चर्चकडून लेखी पोच हवी, बँकेची नोंद पुरत नाही.

आता वही. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो, त्यात वरच्या लोकांचे पगार कोणालाही वाचता येतात. चर्चना तो माफ आहे. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यायची सवय असलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. २००७ मध्ये सेनेटर चक ग्रासली यांनी सहा बड्या टीव्ही-पाळकांच्या संस्थांकडे हिशोब मागितले. दोघांनी मनापासून उत्तरं दिली, बाकीच्यांनी टाळाटाळ केली, आणि २०११ मध्ये कोणालाही दंड न होता ती चौकशी मिटली. सरकार तुमच्या वतीने विचारणार नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणून तुम्हीच विचारा, पास्टरांना नाही, चर्चच्या फायनान्स ऑफिसला, ईमेलने. गेल्या वर्षीचा बाहेरच्या ऑडिटरने तपासलेला ताळेबंद मिळेल का? पास्टरांचं मानधन, घरभत्ता, प्रवास कोण मंजूर करतं, आणि त्या मंडळात त्यांचे नातेवाईक किती? प्रवचनांवरून निघालेल्या पुस्तकांचे हक्क कोणाकडे? सभागृहासाठी बँकेचं कर्ज किती, आणि वचनं निम्मीच पूर्ण झाली तर हप्ता कशातून? चर्चच्या पैशाच्या कारभारावर लक्ष ठेवणारी ईसीएफए नावाची एक संस्था १९७९ पासून आहे. तिचं सदस्यत्व ऐच्छिक, पण सदस्य चर्चना बहुसंख्य सदस्य स्वतंत्र असलेलं मंडळ ठेवावं लागतं आणि मागणाऱ्याला ताळेबंद द्यावा लागतो. तुमचं चर्च सदस्य आहे का बघा. उत्तर कसं येतं यावरच बरंच कळतं. चांगल्या ऑफिसातून चार दिवसांत पीडीएफ येते. ‘ताई, तुमचा विश्वास कमी पडतोय’ असं उत्तर आलं तर पेन खाली ठेवा.

आईंच्या चर्चचं छप्पर गळतं, तिथेही काही द्यायचंय असं शेवटी लिहिलंत. तुम्ही दोघं अमेरिकन नागरिक, त्यामुळे भारतात तो विदेशी निधी ठरतो. त्या संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) नोंदणी असेल तरच, आणि तिच्या त्याच खात्यात पाठवायचा. आईंच्या खात्यात टाकून ‘तू देऊन ये’ हा मार्ग नको, उद्या त्रास त्यांना होईल. आणि थेट भारतातल्या संस्थेला दिलेल्यावर अमेरिकेत टॅक्सची सूट नाही.

राहता राहिलं वचनपत्राचं कार्ड. पहिल्या रविवारी कोरं देणं जड जाईल, हे समजतं. सगळी रांग बघत असते. ऑफिसचं उत्तर समाधानकारक आलं तर ‘सतरा महिन्यांनंतर दरमहा २००’ असं लिहा. क्रेडिट कार्ड फिटल्यावर ५१५ मोकळे होतील, त्यातले २०० सभागृहाला, बाकीचे अडीअडचणीच्या खात्यात, जिथे आज फक्त ११,००० आहेत. तीन वर्षांच्या मुदतीत ३,८०० होतात. ते तुमचे स्वतःचे असतील.

मिस्टरांना म्हणावं, घड्याळाचा विषय आता पुरे. ४०१(के) चा टक्का त्यांच्याच लॉगिनमधून बदलतो, ते काम या आठवड्यात त्यांचं.