प्रवासाचं विचारा : केजन लोकांचं गाव बघायला थांबावं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी नाशिकची. नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं ह्यूस्टनला लेकाकडे जातोय. तो म्हणतो न्यू ऑर्लिन्सला जाताना वाटेत लुइझियाना राज्यातल्या लाफायेटला व्हर्मिलियनव्हिल नावाचं केजन लोकांचं जुनं गाव उभं केलंय, तिथे थांबू. खरं सांगू का, केजन म्हणजे कोण हेच आम्हाला माहीत नाही, आणि कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं खेडेगावाचं म्युझियम आम्ही दोनदा बघितलंय. तसंच असेल तर दिवस कशाला घालवायचा? ह्यांचे गुडघेही दुखतात.

उत्तर : थांबा ताई, नक्की थांबा, आणि तासाभरासाठी नाही तर सकाळी दहाला आत शिरा आणि दुपारपर्यंत तिथेच राहा. सोमवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा. ह्यूस्टनहून सरळ आय-टेन हायवे, साडेतीन तासाच्या आसपास लागतात. गाव सगळं सपाट आहे, बायू व्हर्मिलियनच्या काठाला (बायू म्हणजे तिकडची संथ, गढूळ पाण्याची छोटी नदी), त्यामुळे चालायला त्रास नाही, फक्त घरांच्या ओसरीवर चढायला दोन-चार पायऱ्या असतात. आणि नोव्हेंबर ही अगदी बरोबर वेळ निवडलीत. उन्हाळ्यात तिथे आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखं चिकचिकतं आणि वर डास.

कणेरीचं म्युझियम मलाही फार आवडतं, पण तिथे लोहार, कुंभार, सुतार सगळे पुतळे आहेत आणि इथे कामाला बसलेली खरी माणसं आहेत, त्यांच्याशी बोलता येतं. हे एवढं एक कारण मला थांबायला पुरेसं वाटतं.

आता केजन म्हणजे कोण. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला आज ज्याला नोव्हा स्कॉशिया म्हणतात तिथे सतराव्या शतकात फ्रान्सहून शेतकरी येऊन राहिले, त्या मुलखाचं नाव अकाडी, म्हणून हे अकेडियन. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतल्या जमिनीत पीक घ्यायचं हे त्यांचं कसब, आपल्याकडे खाजण जमिनी असतात ना अगदी तसंच. पुढे तो मुलूख ब्रिटिशांकडे गेला आणि १७५५ मध्ये ब्रिटिशांनी बिनशर्त राजनिष्ठेची शपथ मागितली, ह्यांनी नाही म्हटलं. ५ सप्टेंबर १७५५ ला ग्रां-प्रे नावाच्या गावात पुरुषांना आणि दहा वर्षांवरच्या पोरांना चर्चमध्ये बोलावून घेतलं आणि वाचून दाखवलं की तुमची जमीन आणि गुरं जप्त. मग जहाजात भरून लांब लांब पाठवून दिलं, कोणी परत येऊ नये म्हणून घरं जाळली, आणि ह्या सगळ्या गडबडीत कितीतरी कुटुंबं फुटली, बाप एका जहाजात आणि पोरं दुसऱ्यात. हे एका दिवसात संपलं नाही, १७६३ पर्यंत चालू राहिलं. ते लोक ह्याला 'ग्रां देरांजमां' म्हणतात, म्हणजे मोठी उलथापालथ. १७६५ मध्ये जोसेफ ब्रुसार्ड, ज्याला सगळे बोसोले म्हणायचे, दोनशेच्या आसपास माणसं घेऊन लुइझियानात पोचला, तेव्हा तो मुलूख कागदोपत्री स्पेनकडे गेला होता पण कारभार अजून फ्रेंच अधिकारीच बघत होते, आणि त्यांना जमीन कसणारी माणसं हवीच होती. पण त्याच वर्षी साथ आली, खूप माणसं गेली, बोसोलेही त्याच वर्षी गेला. अकेडियनचं बोलता बोलता कादियाँ झालं आणि कादियाँचं केजन.

एवढं माहीत असलं ना ताई, की गावातलं पहिलं घर बघताना पोटात काहीतरी होतं. कारण त्या बोसोलेच्या मुलाचं, आमाँ ब्रुसार्डचं घर तिथे आणून ठेवलंय, साधारण १७९० चं. गावातली काही घरं अशी खरी जुनी, दुसरीकडून उचलून आणलेली आहेत आणि बाकीची जुन्या पद्धतीने नव्याने बांधलेली. घर जमिनीपासून उचललेलं, पुढे लांबरुंद ओसरी, सगळं लाकूड सायप्रसचं, जे त्या दलदलीत कुजत नाही. पोटमाळ्यावर वयात आलेली मुलं झोपायची, त्याला गार्सोनिएर म्हणायचे, आणि जिना थेट ओसरीवरून वर जातो.

मी मात्र सगळ्यात जास्त वेळ भिंतीपाशी उभी होते. एका ठिकाणी आतलं दिसावं म्हणून भिंतीचा तुकडा उघडा ठेवलाय. लाकडी खांबांच्या मधे आडव्या काठ्या ठोकलेल्या आणि त्या काठ्यांवर चिखलाचे लांबट गोळे कपडे वाळत घालतो तसे दुमडून टाकलेले, एकावर एक दाबलेले, मग वरून लिंपून सपाट केलेलं. चिखल धरून राहावा म्हणून त्यात झाडावरून लोंबणारं ते करडं स्पॅनिश मॉस मिसळायचे (नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नाही, चक्क अननसाच्या कुळातली वनस्पती आहे). ह्या कामाला ते बूझियाज म्हणतात. माझ्या आजोळी कुडाच्या भिंती होत्या, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमाती, मला तो वास आठवला आणि मी तिथे माहिती सांगणाऱ्या बाईंना म्हटलं की आमच्याकडेही असंच करतात, तर त्या इतक्या खूष झाल्या की दहा मिनिटं मलाच विचारत बसल्या, शेण का घालता, किती दिवसांनी परत सारवता, भिंतीला वाळवी लागत नाही का.

विणकामाच्या घरात जरूर बसा, तुमच्या ह्यांचे गुडघे तिथे आराम करतील. तिकडे बदामी रंगाचा कापूस पिकायचा, रंगवलेला नाही हो, बोंडातूनच तसा निघतो, आणि तो हाताने पिंजून, कातून आई मुलीच्या लग्नात द्यायला ब्लँकेटं विणायची. ह्या देण्याला म्हणायचे 'लामूर द मामाँ', आईची माया. गोधडीची माया माहीत असलेल्या आपल्याला तर वेगळं सांगायलाच नको.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून बघा. ज्यांची जमीन हिसकावली गेली त्याच अकेडियन लोकांपैकी काहींनी पुढे लुइझियानात गुलाम ठेवले, आणि ती जमीनही आधी तिथल्या मूळच्या अटाकापा लोकांची होती. क्रिओल (लुइझियानातच जन्मलेले फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन वंशाचे लोक) आणि मूळच्या लोकांबद्दलही गावात माहिती दिलीय, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि गाईडला त्याबद्दल बिनधास्त विचारा.

प्रश्न : आम्ही दोघं पक्के शाकाहारी, अंडंही नाही. लुइझियानात भात खातात असं ऐकलंय, आणि गंबो नावाच्या तिथल्या दाट रश्शात भेंडी असते म्हणे. मग आमचं भागेल ना? — एक वाचक, डॅलस

उत्तर : दादा, भेंडीवर विसंबू नका. गंबो हे नावच बहुतेक आफ्रिकेतल्या भेंडीच्या शब्दावरून आलंय, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ती चव तिथे रुजवली, पण भेंडी असली तरी खाली चिकन नाहीतर कोळंबीचा स्टॉक (उकळून काढलेलं पाणी) असतो. सुरुवात अगदी आपल्यासारखी, मैदा तेलात मंद आचेवर चॉकलेटी होईपर्यंत ढवळत राहायचा, हात थांबला की जळला, मग त्यात कांदा, सिमला मिरची आणि सेलरी, तो वास आला की कोणालाही वाटेल आता आमटी होणार. आणि मग सॉसेज पडतं. राजम्यासारखे लाल बीन्स आणि भात हा तिथला सोमवारचा ठरलेला बेत, त्यातही बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. मक्याचं 'माक शू' असतं ते व्हेज वाटतं, पण कधी कधी बेकनच्या चरबीत परततात. त्यामुळे 'मीट नाही' एवढं म्हणून भागत नाही, स्टॉक आणि चरबीचं वेगळं विचारायला लागतं, आणि तिथली माणसं प्रेमळ आहेत, खरं ते सांगतात. मी दशम्या आणि चटणी बरोबर ठेवली होती, बायूच्या काठी झाडाखाली बसून खाल्ली. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे, भाताच्या शेतात पाणी सोडून त्यातच क्रॉफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या शेवंडासारखा जीव) वाढवतात, भात आणि कालवण एकाच शेतातून.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, मुलं ११ आणि १४ वर्षांची. असल्या ठिकाणी तास दीड तासात कंटाळतात आणि फोन काढतात. त्यांच्यासाठी तिथे काही आहे का?

उत्तर : आहे. धाकट्याला आधी पाण्यापाशी न्या, तिथे दोर हाताने ओढत पलीकडे जायचा तराफा आहे, तो त्यालाच ओढू दे. शनिवार-रविवारी गाणंबजावणं असतं का ते आधी बघून घ्या. फिडल, अकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोण. हा त्रिकोण पूर्वी गवत गोळा करायच्या यंत्राचे जुने दाते वाकवून बनवायचे. आणि मुलं पेटी शिकत असतील तर त्यांना सांगा की अकॉर्डियन आणि आपली पेटी एकाच घराण्यातली, दोन्हीत भात्याच्या हवेने पत्ती थरथरते.

मोठ्याला शाळेच्या खोलीत घेऊन जा. तिथे फळ्यावर एकच ओळ परत परत लिहिलेली आहे, मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही. काही सांगू नका, त्याला वाचू दे, तो स्वतःच विचारेल. मग सांगा की १९२१ च्या लुइझियानाच्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी असं ठरवलं आणि घरी फक्त फ्रेंच ऐकलेली पोरं शाळेत गेली की त्यांना ही ओळ शंभर शंभर वेळा लिहायला लावायचे.

मी गेले तेव्हा ओसरीवर एक आजोबा लाकडाचं बदक कोरत बसले होते, ऐंशीच्या पुढचे. मी फळ्याबद्दल विचारलं तर चाकू खाली ठेवून म्हणाले की शाळेच्या पहिल्या दिवशी मला लघवीला जायचं होतं आणि इंग्रजीत कसं विचारतात ते माहीत नव्हतं, फ्रेंचमध्ये विचारलं तर छडी, म्हणून गप्प बसलो आणि चड्डीत झाली. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनीसुद्धा हे सांगताना त्यांची मान खाली गेली होती. मग पोरं झाली तेव्हा ते आणि बायको पोरांशी फक्त इंग्रजीत बोलले, आपल्यासारखं त्यांचं होऊ नये म्हणून. एक अख्खी पिढी अशी गेली तिकडे. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंच टिकवायला कोडोफिल नावाची संस्था काढली, नंतर सगळे विषय फ्रेंचमध्ये शिकवणारे वर्ग सुरू झाले, आणि ह्या आजोबांची नात तशाच वर्गात जाते.

ती त्यांच्या फ्रेंचला हसते, म्हणाले. आम्ही गाडीला 'शार' म्हणतो, तिला शाळेत 'व्वात्यूर' शिकवतात. मी विचारलं, मग तुम्ही काय करता? म्हणाले, काय करणार, शनिवारी येते तेव्हा मी मुद्दाम शार म्हणतो, ती मला सुधारते, मी परत शार म्हणतो, आणि असं करत करत आमचा अर्धा तास फ्रेंचमध्ये जातो.

तुमच्या मुलांना दारातून शिरताना 'बाँझूर' म्हणायला शिकवून ठेवा. ओसरीवरची माणसं लगेच खुर्ची पुढे ओढतात.