अडीच महिन्यांच्या सशाची नखं कधी आणि कशी कापावीत?

पिल्लू मांडीवर घेतलं की नखं टोचतात आणि घरचे म्हणतात आपल्याच नेलकटरने काप, असं तुम्ही लिहिलंय. ते नेलकटर आधी जागेवर ठेवून द्या. त्याच्या सपाट पात्यांत सशाचं गोल नख चेपतं, उभं चिरतंसुद्धा. मांजरांची नखं कापायची छोटी कात्री मिळते, ती घ्या.

आणि या वयात नखं लांब नसतात हो, सुईसारखी अणकुचीदार असतात. टोकावरचं जेमतेम मिलिमीटरभर उडवलं तरी टोचायचं थांबतं.

आपल्या माळरानावरचा ससा बिळं खणत नाही. पाळीव ससा मात्र युरोपातल्या बिळं खणणाऱ्या सशांचा वंशज. खणून झिजायची ती नखं फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर नुसतीच वाढत राहतात. मग एखादं गोधडीच्या दोऱ्यात अडकतं, ससा घाबरून हिसका देतो आणि नख मुळासकट उपटून येतं. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी कापायची.

माझ्या बुंदीच्या पुढच्या डाव्या पायाची नखं काळी, बाकी सगळी पांढरट. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रेघ दिसते. ती रक्तवाहिनी, शिवाय तिथे संवेदनाही असते. तिच्या दोनेक मिलिमीटर अलीकडेच थांबायचं. काळ्या नखात काहीच दिसत नाही, मागून मोबाइलचा टॉर्च धरावा लागतो. पहिल्या वेळी मी तो धरला नाही. बाकीच्यांइतकंच कापू, असा अंदाज केला आणि चुकले. तिने पाय ओढला, मोझॅकवर चार लाल ठिपके. सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. मी तळहातावर कॉर्नफ्लॉर घेतलं, नखाचं टोक त्यात दाबलं आणि वरून कापसाचा बोळा पाचेक मिनिटं धरून बसले. थांबलं. (हळदीने पाय पिवळाधमक झाला असता तो वेगळाच.) दाबून धरूनही पंधरा मिनिटांत रक्त थांबलं नाही, तर सरळ डॉक्टरांकडे जा. बुंदी त्या संध्याकाळी सोफ्यामागे भिंतीकडे तोंड करून बसली आणि मागचा पाय आपटत राहिली.

तेव्हा तुम्ही पहिले आठ-दहा दिवस कात्री बाहेर काढूच नका. पिल्लू खात असताना एकेक पंजा हातात घ्या, बोटांनी केस मागे सारा, सोडून द्या. आमच्याकडे खरा फरक यानेच पडला.

कापायला जमिनीवर बसा, टेबलावर नको. पातळ पंच्यात गुंडाळायचं, एकच पाय बाहेर, मागचा भाग तुमच्या पोटाशी टेकलेला. सशाचे मागचे पाय जबरदस्त ताकदीचे आणि हाडं नाजूक, हवेत जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. कान धरून उचलणं तर नाहीच. व्हिडिओंमध्ये ससा उताणा पडून शांत दिसतो ना, तो शांत नसतो, भीतीने थिजलेला असतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी गारव्यात उरका, पंच्यात जास्त वेळ ठेवू नका.

नखं मोजून अठरा: पुढे पाच-पाच, मागे चार-चार. पुढचं पाचवं आतल्या बाजूला, अंगठ्यासारखं, केसांत दडलेलं. ते जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे झिजतही नाही आणि हमखास राहून जातं. बुंदीचं आमच्या लक्षात आलं तेव्हा गोल वळायला लागलं होतं.

अठराच्या अठरा एका बैठकीत कापायचा हट्ट नको. आम्ही रोज एकच पाय घेतो, चार दिवसांत संपतं. टॉर्च सासूबाई धरतात, आणि डाव्या पायाची पाळी आली की आधी चष्मा पुसून घेतात.