नागपुरात फिल्म कॅमेरा घ्यायचाय: बॉडी, टेलिफोटो झूम आणि फ्लॅश कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाच्या डिजिटल निकॉनची ५५-२०० लेन्स आणि एसबी-७०० फ्लॅश घरी पडून आहे, आता एक जुनी फिल्म बॉडी घेतली की भागेल ना? मारबतीची (पोळ्यानंतर निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक टिपायची आहे, जमलं तर ताडोबाही.

नाही भागणार भाऊ. निकॉनने १९५९पासून माउंट, म्हणजे लेन्स बसवायचं तोंड, तेच ठेवलंय, त्यामुळे लेन्स टक्कन बसते आणि माणूस तिथंच फसतो. ५५-२०० ही डीएक्स लेन्स आहे. तिचं चित्र लहान सेन्सरपुरतंच पडतं, ३५ मिमीच्या फ्रेमवर कोपरे काळे येतात. वर तिला ॲपर्चर रिंग नाही, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र लहान-मोठं करायचं कडं. एफएम१० किंवा एफएम२ या निकॉनच्या मॅन्युअल बॉडींवर अशी लेन्स लावली की ती सगळ्यात लहान ॲपर्चरवरच अडकते. एसबी-७००चं दुखणं वेगळं: फिल्म बॉडीचं टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप आवरणं) त्याला कळत नाही. मॅन्युअलवर उडेल, पण इतवारीच्या त्या गर्दीत प्रत्येक फोटोला अंतर मोजून ॲपर्चर कोण लावत बसेल?

म्हणून बॉडी शेवटी ठरवा, आधी झूम. तुमच्या कामाला मी निकॉनची एएफ-एस व्हीआर ७०-३०० एफ/४.५-५.६ सुचवेन, २००६ साली आलेली. व्हीआर म्हणजे थरथर आवरणारी सोय, आणि एफ हा ॲपर्चरचा आकडा: जितका मोठा, तितकं छिद्र लहान. जुन्या बाजारात मिळते आणि पूर्ण फ्रेम भरते. नाव मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. ७०-३०० नावाच्या बऱ्याच लेन्सा आहेत. त्यातली एएफ-पी वाली फिल्म बॉडीवर फोकसच करत नाही, हातानेही नाही. या व्हीआरलाही रिंग नाही, त्यामुळे तिला बॉडी लागते एफ८०सारखी, जी ॲपर्चर स्वतः चालवते. एफ८०वर ऑटोफोकस चालतो, व्हीआरही चालतं. फ्लॅश एसबी-६०० किंवा जुना एसबी-२८ घ्या, दोन्हींना फिल्मचं टीटीएल येतं. एफ८०च्या मागच्या झाकणाचं रबर कधीकधी चिकट झालेलं असतं. हाताला घाण लागते, पण फोटो बिघडत नाही.

पूर्ण मॅन्युअल बॉडीचा मोह मला कळतो. मी स्वतः एफएम१०वर जुनी एएफ ७०-२१० वापरतो, कारण तिला रिंग आहे. पण तिची फोकस रिंग बोटभरही रुंद नाही आणि झूम पुढे-मागे ढकलून होतो. त्यात एफ/५.६ला आलं की व्ह्यूफाइंडरमधल्या फोकस जुळवायच्या दुभंगलेल्या गोलाचा अर्धा भाग काळा पडतो. मग आजूबाजूच्या काचेवरच अंदाजाने फोकस. मारबत समोरून झुलत येते, लोक ओरडत असतात, मागून धक्का बसतो. पहिल्या वर्षी छत्तीस फोटोंच्या रोलमधले जेमतेम सात-आठ फोटो धारदार आले.

फ्लॅशचा धडा त्याहून महागात पडला. आत्येबहिणीच्या हळदीला शटर चुकून १/५००वर राहिलं. एफएम१०चा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात जलद शटर वेग, १/१२५ आहे. त्यापुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतातच. अख्ख्या रोलभर एक उजळ पट्टा आणि बाकी काळोख. कुठे नुसतं कपाळ, कुठे नुसते हळदीचे हात. आत्या अजून ऐकवते. एफ८०चा सिंकही १/१२५च, पण एसबी फ्लॅश चालू असेल तर ती बॉडी त्यापुढे जाऊच देत नाही.

फ्लॅश पोचतो किती, हेही पाहा. एसबी-६००चा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद; त्याला एफच्या आकड्याने भागलं की पोच मिळते) ३५ मिमीवर, आयएसओ १००ला ३० मीटर आहे. आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे. भागिले एफ/५.६ म्हणजे जेमतेम साडेपाच मीटर. आयएसओ ४००चा रोल टाकला तर दुप्पट, साधारण अकरा. एखाद्या ओळखीच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मारबतीच्या चेहऱ्यावर हलका उजेड टाकायला पुरे. जंगलात फ्लॅश बॅगेतून काढूच नका. गाइड ओरडेल आणि बरोबरच ओरडेल.

तिथली खरी अडचण उजेडाची. भर उन्हात आयएसओ २००चा रोल एफ/१६ला १/२००वर जातो, म्हणजे एफ/५.६ला तीन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त, १/१६००. पण जिप्सी आत शिरते तेव्हा सकाळ असते आणि झाडोरा तीन-चार स्टॉप खाऊन टाकतो. उरतात १/२०० ते १/१००, आणि ३०० मिमी हातात धरायला साधारण १/३०० तरी हवेत. व्हीआर हाताची थरथर सांभाळतं, प्राण्याची हालचाल नाही. तेव्हा ४००चाच रोल घ्या.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून आत मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर फंगस समजा आणि सोडून द्या. आपल्याकडे पावसाळ्याला दोष देतात, पण माझ्या एका लेन्सला उन्हाळ्यात फंगस लागला, कारण मी ती कूलरच्या खोलीत कपाटावर ठेवली होती. तीन महिने ओली हवा! रोल मात्र फ्रिजमध्येच ठेवा, आणि मे महिन्यात बंद गाडीत तर चुकूनही नको. फ्लॅशचं बॅटरीचं झाकण उघडून हिरवट डाग आहेत का तेही बघा.

दुसऱ्या कुठल्या कंपनीचा खूप जुना फ्लॅश स्वस्तात मिळाला तर एफ८०ला लावू नका. काहींचा ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅश उडवताना बॉडीच्या संपर्कावर येणारा व्होल्टेज, दोनशेच्या वर असतो. निव्वळ यांत्रिक बॉडी तो सोसते, इलेक्ट्रॉनिक बॉडीचं सर्किट जळू शकतं.

आणि एसबी-७०० विकू नका, भावाला परत द्या. त्याच्या डिजिटलवर तो उत्तम चालतो.