चित्रांची वही कपाटातून बाहेर काढा

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला 88 टक्के गुण होते, सहामाहीत मात्र भौतिकशास्त्रात ती जेमतेम उत्तीर्ण झाली. आजीला तपासणीसाठी रुग्णालयात नेल्यापासून ती एक्स-रे, औषधे, स्वच्छतागृह यांची चिन्हे काढत बसते, म्हणून ती वही मी कपाटात ठेवली आहे. अशी चित्रे आता संगणकही काढतो. आधी अभियांत्रिकी कर, मग पाहू, हे आपण तिला समजावून सांगावे. – एक पालक, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. भौतिकशास्त्रातील गुणांपेक्षा मला आपल्या कपाटाची अधिक काळजी वाटते. आजीबरोबर रुग्णालयात गेल्यावर आपण सर्व जण रांगेत उभे राहतो, चुकतो, विचारतो आणि घरी येऊन ते विसरून जातो. आपली मुलगी मात्र माणसे कुठे चुकतात हे पाहून आली आणि ती चूक टाळता येईल का, याचा विचार करत बसली. सोळाव्या वर्षी दुसऱ्याची अडचण इतक्या बारकाईने पाहणाऱ्या मुलीची वही काढून घेणे ही शिस्त नव्हे. तिचा अभ्यास मागे पडला असेल, तर त्याविषयी तिच्याशी स्वतंत्रपणे बोला. ‘आधी अभियांत्रिकी, मग पाहू’ यातील ‘मग’ बहुतेक घरांत कधीच येत नाही, आणि तो येणार नसेल तर तसे तिला स्पष्ट सांगावे. माझ्या तोंडून वदवून घेऊ नये.

चित्राला भाषा लागत नाही, म्हणून ते काढले की काम झाले, हा समज आपल्या पत्रात आहे आणि कदाचित मुलीच्याही मनात असेल. जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्याचे जुने चिन्ह म्हणजे एक वाटोळा आकार आणि त्यातून निघणाऱ्या वाफेच्या तीन रेषा. जपानी माणसाला त्यात स्नानगृह दिसते, परदेशी पाहुण्यांना गरम जेवण. टोकियो ऑलिंपिकच्या तयारीत या चिन्हात माणसे दाखवण्याचा प्रस्ताव पुढे आला, त्याला झऱ्यांच्या गावांतून विरोध झाला आणि 2017 मध्ये दोन्ही चिन्हे चालू ठेवण्याचे ठरले. आपल्याकडे अनेक ठिकाणी स्वच्छतागृहाच्या भिंतीवर पदर घेतलेली स्त्री आणि फेटा बांधलेला पुरुष रंगवलेला दिसतो, कारण रंगवणाऱ्याला आपला पाहणारा ठाऊक असतो. एक्स-रेसाठी बरगड्या काढल्या, तर आजारी माणसाला तो विभाग न वाटता धोक्याची सूचना वाटू शकते. म्हणूनच चिन्हे लोकांना दाखवून तपासावी लागतात. अमेरिकेच्या सुरक्षा चिन्हांच्या मानकात किमान 85 टक्के लोकांना अर्थ बरोबर कळावा आणि घातक असा उलटा अर्थ लावणारे 5 टक्क्यांहून अधिक नसावेत, अशी कसोटी आहे. संगणक आकृती काढून देईल. ती आजींना का कळली नाही, हे मात्र त्यांच्याजवळ उभे राहूनच समजते. (डॉक्टरांसाठी मुलीने लाल क्रॉस काढला असेल, तर तो बदलण्यास सांगा, 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार आपल्या देशात ते चिन्ह सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही.)

केवळ चिन्हे काढण्याच्या नोकऱ्या फार थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. हे काम दृश्यसंवाद अभिकल्पाच्या (व्हिज्युअल कम्युनिकेशन डिझाइनच्या) शिक्षणात येते, आणि मेट्रो, विमानतळ, रुग्णालये यांच्या दिशादर्शक फलकांची संपूर्ण योजना करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. त्यासाठी आयआयटी मुंबईच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा, एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) स्वतंत्र परीक्षा किंवा उपयोजित कलेसाठी राज्याची सीईटी असे मार्ग आहेत. यूसीडला बारावीची कोणतीही शाखा चालते, त्यामुळे आज शाखा बदलण्याची घाई नको.

मुलीला समजावण्याचे काम मी स्वीकारत नाही. त्याऐवजी आपल्यालाच एक काम देतो. येत्या रविवारी वही तिच्या हाती द्या आणि दोघे मिळून एसटी स्थानकावर जा. वीस अनोळखी माणसांना एकेक चिन्ह दाखवून ‘हे कशाचे आहे?’ एवढेच विचारा, काहीही सुचवू नका आणि उत्तरे जशीच्या तशी उतरवून घ्या. नंतर पुढचे पत्र मुलीलाच लिहू द्या. एक्स-रेचे चिन्ह पाहून आजी काय म्हणाल्या, हे तिने पहिल्या ओळीत कळवावे.