सिनेमा-मालिका बघायला पंधरा हजारांचा टॅब पुरतो, की सत्तर हजारांचाच घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंना मालिका, जुनी नाटकं आणि यूट्यूबवरची कीर्तनं बघायला टॅब घ्यायचाय. तुमची तयारी पंधरा हजारांची आहे, पण दुकानदार आणि मेहुणे दोघंही सांगतायत की स्वस्त टॅब म्हणजे पैसे पाण्यात, हप्त्यांवर का होईना पण महागातलाच घ्या.

आईंच्या कामापुरतं बोलायचं तर बरोबरी होते. सगळ्याच बाबतीत होत नाही, पण जिथे स्वस्त टॅब मागे पडतो त्यातल्या बहुतेक गोष्टींशी आईंचा संबंध येणार नाही. आणि हे मी बारा ते वीस हजारांतल्या, चांगल्या कंपनीच्या टॅबबद्दल म्हणतोय. ऑनलाइन पाच-सहा हजारांत जे मिळतं त्याबद्दल माझं मत अगदी उलट आहे, ते पुढे येईलच.

माझ्या घरी रेडमी पॅड एसई आहे आणि कामासाठी मिळालेला सॅमसंगचा गॅलक्सी टॅब एस९. पहिला भारतात एप्रिल २०२४मध्ये १२,९९९ रुपयांपासून आला, दुसरा २०२३मध्ये ७२,९९९ पासून. साडेपाच पटींहून जास्त फरक. दोघांचाही पडदा ११ इंचांचा आणि १६:१० याच प्रमाणाचा, म्हणजे चित्राचा आकार अगदी सारखा. वजनही जवळपास तेच, ४७८ ग्रॅम आणि ४९८ ग्रॅम, आणि त्यातला हलका आहे तो स्वस्तातला.

तरी पडद्यात फरक आहेच. रेडमीचा १९२० बाय १२००, म्हणजे एका इंचात साधारण २०६ ठिपके. सॅमसंगचा २५६० बाय १६००, इंचाला २७४. कागदावर हा फरक मोठा दिसतो. पण टॅब स्टँडवर ठेवून दीड फुटावरून सिनेमा बघताना २०६ ठिपक्यांवरही डोळ्याला ठिपका वेगळा काढता येत नाही. पीडीएफमधली बारीक अक्षरं टॅब डोळ्यांजवळ धरून वाचायला लागलात तर मात्र फरक कळतो. ‘र्‍या’ किंवा ‘क्ष्म’ सारखी जोडाक्षरं सॅमसंगवर कोरल्यासारखी दिसतात, रेडमीवर कडा किंचित मऊ होतात. आई पोथी किंवा दिवाळी अंक टॅबवर वाचणार असतील तर अक्षर मोठं करून द्या, विषय संपला.

आता मुख्य मुद्दा. पडदा कितीही भारी असला तरी त्यावर काय येतं हे तुमचा प्लॅन ठरवतो. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन भारतात जुलै २०१९मध्ये १९९ रुपयांत आला आणि डिसेंबर २०२१मध्ये १४९ वर उतरला. तो फोन आणि टॅबवरच चालतो आणि चित्र देतो ४८०पी, म्हणजे उभ्यात ४८० ओळींचं. हा प्लॅन घेऊन तुम्ही ७२,९९९चा टॅब लावलात तरी चित्र ४८०पीच येणार. १०८०पी हवं तर ४९९चा प्लॅन लागतो, आणि ज्या एचडीआरसाठी, म्हणजे उजेड-सावलीतला फरक जास्त खुलवणाऱ्या चित्रासाठी, महागड्या पडद्याचं एवढं कौतुक होतं ते मिळतं ६४९च्या प्लॅनमध्ये. १४९ आणि ६४९ मधला फरक महिन्याला ५००, वर्षाला ६,०००. म्हणजे टॅबचे सत्तर हजार मोजल्यावर त्याचं चीज व्हावं म्हणून दरवर्षी आणखी सहा हजार. दुकानात हे कोणी बोलत नाही, म्हणून इथे मुद्दाम आकडे मांडले. प्लॅनच्या किमती बदलत असतात, घेण्याआधी ॲपमध्ये बघून घ्या.

आईंची बरीचशी आवड तर यूट्यूबवरची आहे. जुन्या नाटकांची जी चित्रणं तिथे सापडतात त्यातली अनेक व्हीसीडीच्या काळातली आहेत. व्हीसीडीचं चित्र असायचं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. तेवढ्यातून नटाच्या चेहऱ्यावरचे भाव जितके दिसायचे तितकेच दिसणार, मग टॅब कुठलाही असो. उलट महागड्या पडद्यावर त्या चित्राचे चौकोन जास्त ठळक दिसतात. ही नाटकं ४:३ प्रमाणात असतात, त्यामुळे १६:१०च्या टॅबवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. ॲपलच्या आयपॅडचा पडदा ४:३च्या जवळ जातो, म्हणून त्यावर असं नाटक पडदा बराचसा भरून दिसतं. आजच्या १६:९ मालिकांना मात्र हिशेब उलटतो. साध्या आयपॅडवर त्यांचं चित्र तिरकं मोजलं तर साधारण सव्वादहा इंच भरतं आणि १६:१०च्या अकरा इंची स्वस्त टॅबवर १०.७ इंच. ३४,९०० रुपयांपासूनच्या आयपॅडपेक्षा तेरा हजारांच्या टॅबवर मालिका मोठी दिसते, हे मी स्वतः पट्टी लावून बघितल्यावरच मला पटलं.

महागडा टॅब खरोखर कुठे जिंकतो तेही सांगायला हवं, नाहीतर उत्तर एकांगी होईल. रात्री खोलीतला दिवा घालवा आणि रुंद चित्राचा एखादा सिनेमा लावा, ज्यात वर-खाली काळ्या पट्ट्या असतात. रेडमीच्या एलसीडी पडद्यावर त्या पट्ट्या राखाडी दिसतात, कारण मागचा दिवा चालूच असतो आणि त्याचा उजेड झिरपतो. सॅमसंगच्या ॲमोलेड पडद्यावर काळा ठिपका म्हणजे विझलेलाच ठिपका, त्यामुळे पट्ट्या अंधारात मिसळून जातात आणि चित्र हवेत तरंगल्यासारखं वाटतं. अंधाऱ्या प्रसंगांत, समजा कंदिलाच्या उजेडातला एखादा वाडा असेल तर, सॅमसंगवर भिंतीच्या सावलीतलं खुंटाळंही दिसतं आणि रेडमीवर सगळं एकाच करड्या धुक्यात जातं. सिनेमा जीव लावून बघणाऱ्या माणसाने हा फरक एकदा बघितला की मागे जाणं अवघड असतं. मी स्वतः रात्रीचा सिनेमा सॅमसंगवरच बघतो. पण दुपारी जेवण झाल्यावर, खिडकी उघडी ठेवून मालिका बघणाऱ्या बाईंना यातलं काहीही जाणवणार नाही. तिथे प्रश्न असतो चकाकीचा, आणि ती दोन्हींवर आहे. रेडमीचा उजेड ४०० निट्सचा आहे, घरात पुरतो, अंगणात नाही.

आवाजाबद्दल लोक उगाच घाबरतात. रेडमीला चार स्पीकर आहेत, आणि साध्या आयपॅडला दोनच. कीर्तनकारांचं निरूपण, मालिकेतले संवाद स्वच्छ ऐकू येतात. मृदंगाचा घुमारा सॅमसंगवर भरीव येतो, रेडमीवर जरा पोकळ. आईंना ऐकायला कमी येत असेल तर रेडमीला ३.५ मिमीचं हेडफोनचं भोक आहे, शंभर-दोनशे रुपयांची वायर लावली की झालं. साध्या आयपॅडला आणि टॅब एस९ला ते नाही, त्यांना ब्लूटूथचा हेडफोन घ्या, तो चार्ज करा, जोडा, मग तो तुटला की पुन्हा जोडा. वयस्क माणसासाठी वायर बरी.

चार्जिंगमध्ये स्वस्त टॅब उघडच मागे आहे. ८,००० एमएएचची बॅटरी आणि दहा वॉटचं चार्जिंग, म्हणजे पूर्ण भरायला चार तास धरून चाला. रात्री लावून ठेवलात तर अडत नाही. आणखी एक आतली गोष्ट: यूट्यूब आता एव्ही१ नावाच्या पद्धतीने बरेच व्हिडिओ पाठवतं. टॅब एस९च्या चिपमध्ये ते उलगडायची स्वतंत्र सोय आहे, रेडमीच्या स्नॅपड्रॅगन ६८०मध्ये नाही. असा व्हिडिओ आला की ते काम मुख्य प्रोसेसरवर पडतं आणि बॅटरी जरा लवकर उतरते. व्हिडिओ अडखळत नाही, एवढं नक्की.

टिकण्याचा मुद्दा तुमच्या मेहुण्यांच्या बाजूचा आहे आणि त्यात तथ्य आहे. २०१४मध्ये आलेल्या आयपॅड एअर २ला २०२१चं आयपॅडओएस १५ हे सॉफ्टवेअर अपडेट मिळालं. स्वस्त अँड्रॉइड टॅबकडून अशी अपेक्षा ठेवू नका. शिवाय रेडमीमधलं स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं आहे, ते काठोकाठ भरलं की टॅब रेंगाळतो. पण वर्षांचा हिशेब करून बघा. तेरा हजारांचा टॅब चार वर्षं नीट चालला तर वर्षाला ३,२५० पडले. त्र्याहत्तर हजारांचा सात वर्षं चालला तरी वर्षाला १०,००० च्या वर. आणि वयस्क माणसाच्या हातातून टॅब पडू शकतो, हा धोका दोन्हींना सारखाच आहे. फुटलेला ॲमोलेड पडदा बदलायचा खर्च विचारून बघा, कदाचित तेवढ्यात दुसरा स्वस्त टॅब येईल.

‘स्वस्त टॅब म्हणजे कटकट’ हे लोकांच्या डोक्यात का बसलंय तेही मला समजतं. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त ‘आकाश’ टॅब आला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि रेझिस्टिव्ह पडदा, म्हणजे बोट नुसतं टेकवून भागायचं नाही, नखाने दाबावं लागायचं. ज्यांनी तो हाताळला त्यांना स्वस्त टॅबची धास्ती वाटणं साहजिक आहे. त्याच वर्षी अमेरिकेत ॲमेझॉनने १९९ डॉलरला किंडल फायर काढला. आयपॅड २ तेव्हा ४९९ पासून सुरू व्हायचा. नंतर ॲमेझॉनचे प्रमुख जेफ बेझोस यांनी सांगितलंही की हे यंत्र आम्ही आमच्या खर्चाच्याच किमतीला विकतो. कमाई टॅबवर नव्हती, त्यावर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांवर आणि सिनेमांवर होती. फक्त बघण्या-वाचण्यासाठी वेगळा, स्वस्त टॅब असू शकतो हे तेव्हापासून लोकांना पटायला लागलं. बाकीची मजल पडद्यांनी आणि चिप्सनी गेल्या दहा वर्षांत मारली.

आता ते पाच-सहा हजारवाले. जाहिरातीत ‘१२ जीबी रॅम’ लिहिलेलं असतं, त्यातली चार खरी आणि आठ स्टोरेजमधून उसनी घेतलेली. ‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के फाइल उघडते इतकंच, पडदा असतो १२८० बाय ८००. बाजूने बघितलं की माणसांचे चेहरे निळसर पडतात. आणि सगळ्यात मोठी गोम वाइडवाइन या प्रमाणपत्राची. ओटीटी कंपन्या चोरी होऊ नये म्हणून चित्र कुलूपबंद पाठवतात. टॅबला एल१ दर्जा असेल तर एचडी मिळतं, एल३ असेल तर बहुतेक ठिकाणी ४८०पीवर अडतं, तुम्ही कितीही महागडा प्लॅन घ्या. या टॅबांमध्ये एल३ सर्रास असतं. असा टॅब आईंना देऊ नका, त्या दोन महिन्यांत तो कपाटात ठेवतील आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून काही बोलणारही नाहीत.

दर्जा तपासायला नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडा. तिथे एल१ आणि फुल एचडी लिहिलेलं दिसायला हवं. खोका उघडल्याच्या दिवशीच बघा, परत करायची मुदत चालू असताना.

दुकानात जाणारच असाल तर तिथे फिरत असलेला डेमो बघू नका. तो टॅबमध्येच भरून ठेवलेला, खास पडद्याला साजेसा व्हिडिओ असतो. दोन्ही टॅबवर यूट्यूब उघडायला सांगा, आईंच्या आवडीचं एकच कीर्तन लावा, ब्राइटनेस दोन्हींचा पूर्ण करा आणि आईंनाच विचारा. महागड्या टॅबचा ब्राइटनेस पूर्ण आणि शेजारच्या स्वस्ताचा अर्धा, हे मी एकापेक्षा जास्त दुकानांत बघितलंय.

मेहुण्यांचा सल्ला मी एका परिस्थितीत मान्य करेन. घरात कोणी चित्रं काढणारं असेल, पेनाने नोट्स लिहिणारी कॉलेजची मुलगी असेल किंवा व्हिडिओ एडिट करणारं कोणी असेल आणि टॅब सगळ्यांचा मिळून असेल, तर वरचे पैसे वसूल होतात. तिथे स्वस्त टॅब बरोबरी करत नाही, लांबूनही नाही. व्हिडिओ कॉल हा आईंचा मोठा वापर असेल तर साधा आयपॅड विचारात घ्या, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात स्वस्त टॅबचा पुढचा कॅमेरा चेहरा मळकट दाखवतो आणि परदेशातल्या नातवाला आजी नीट दिसायला हवी.

तुमच्या प्रश्नात यातलं काही नाही, तेव्हा पंधरा हजारांतच राहा. रेडमी पॅड एसई घेतलात तर ४ जीबीऐवजी ६ किंवा ८ जीबी रॅमचा घ्या, लाँचच्या वेळी तरी ८ जीबीवाला १४,९९९लाच होता. तो फक्त वाय-फायवर चालतो, गावी वाय-फाय नसेल तर आईंच्या फोनचं हॉटस्पॉट चालू करायला आधी शिकवून ठेवा, किंवा मेमरी कार्ड घालून एपिसोड उतरवून द्या. उरलेल्या पैशांत उभं राहणारं कव्हर घ्याच. अर्धा किलोचा टॅब तासभर हातात धरून कोणाच्याही मनगटाला रग लागते.