आधी एक पावसाळा काढ

एक्सर, बोरिवली (पश्चिम)
वैशाखातला शेवटचा रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझी वही मिळाली. आजीचं दहिसर गावठाणातलं घर तू राहायला घेतोयस हे वाचून बरं वाटलं. अशी घरं हल्ली एकतर कुलपात असतात, नाहीतर बिल्डरच्या नकाशात. वहीत रंगांचे तुकडे चिकटवलेस, वेताच्या खुर्च्या काढल्यास, बेचाळीस कुंड्यांचा आराखडाही आखलास. रेषा अजून सुबक आहे. आठवीत तुझ्या पेन्सिलीला टोक नसायचं. पण शेवटच्या पानावर विचारलंस, ‘बाई, सुरुवात कुठून करू?’ त्याचं उत्तर एका ओळीचं आहे आणि तुला ते आवडणार नाही. यातलं काहीही दसऱ्यापर्यंत करू नकोस. आधी त्या घरात एक पावसाळा काढ.

मी काढला नव्हता. लग्न होऊन या घरात आले ती मे महिन्यात. चित्रकलेची बाई, हात शिवशिवत होते. आठवडाभरात ओटीच्या भिंतींना पिस्ता रंगाचा प्लास्टिक पेंट लावला. श्रावणात भिंतीला तळलेल्या पापडासारखे फुगे आले, गौरी येईपर्यंत पोपडे गळून पडले आणि सासूबाई काही न बोलता रोज सकाळी ते केरसुणीने गोळा करायच्या. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

त्याचं कारण नंतर कळलं. आपल्या जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. त्या जमिनीतून पाणी पितात आणि अंगावरून सोडतात. वर प्लास्टिकचा पापुद्रा चढवला की ओल आत कोंडते आणि रंगाला ढकलून बाहेर येते. तुझ्या भिंतींना चुनाच लाव. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, धरून राहावा म्हणून थोडा डिंक घालायचा आणि पांढरा उजळावा म्हणून चिमूटभर नीळ. चुना भिजताना उकळतो, तेव्हा बादली प्लास्टिकची नको आणि तोंड जवळ नको. हाताला लागतो, कपड्यालाही लागतो, हे त्याचं वाईट. दरवर्षी दसऱ्याआधी नवा हात द्यावा लागतो, हे मात्र मी त्याच्या चांगल्यात धरते. त्या निमित्ताने फळीवरचं सगळं खाली उतरतं आणि निम्मं परत वर जात नाही.

थांबायला सांगितलं त्याला पहिला अपवाद, छप्पर. ते याच आठवड्यात. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईचा पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो, पण खातं आणि पाऊस यांचं पटतंच असं नाही. कौलं चाळून घे. फुटकी बदल, सरकलेली बसव, शेवाळ खरवडून काढ, पन्हळीतला पाला उपस. स्वतः वर चढू नकोस. कौलावर पाय कुठे द्यायचा हे ज्याला कळतं तो एक फोडून दहा वाचवतो, आपण दहा फोडतो. आणि माणूस वर असेपर्यंत एक मंगलोरी कौल काढून तिथे काचेचं बसवून घे. आमच्या स्वयंपाकघरात आहे. सकाळी नऊला उन्हाचा तुकडा फडताळावर असतो, बाराला खाली फरशीवर, तीनला पाण्याच्या पिंपावर. घड्याळ बंद पडलं तरी माझं काही अडत नाही. भिंतीवर लावायला तू जी चित्रं काढलीस त्यांतलं एकही मी इतक्यांदा पाहीन असं वाटत नाही.

आता पावसाळाभर काय करायचं? बघायचं. पाणी कुठून येतं, ओल कुठवर चढते, वारा कुठल्या खिडकीतून शिरतो. भिंतीवर खडूने खुणा कर, पुसायला चुना आहेच. एक खूण तुझ्या घरात आधीच आहे. मागच्या दाराच्या चौकटीवर कोयत्याने पाडलेली खाच बघितलीस? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री दहिसर नदी तिथवर आली होती. तुझ्या आजीने ती खाच मला बोटाने दाखवली होती. एरवी आपण त्या नदीला नालाच म्हणतो, पण ती बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून, तुळशी तलावाच्या बाजूने येते आणि तिला आपली जुनी वाट पाठ आहे. ती खाच रंगवू नकोस. विजेचं बटण, पुस्तकं, गादी, तांदळाचा डबा, सगळं तिच्या वर. जमिनीलगत पुस्तकांची मांडणी काढलीस, ती खोडून टाक.

कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ठेव, मागे हवा खेळली पाहिजे. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे सरकव, म्हणजे ओल आणि वाळवी थेट लाकडात चढत नाही.

बागेबद्दल तू सगळ्यात जास्त लिहिलंस, म्हणून मीही थोडं जास्त लिहिते. तू कुंड्या मांडल्यास त्या सावलीचा विचार न करता. यंदा १५ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास तू अंगणात उभा असतास तर तुझी सावली तुझ्याच पायाखाली नाहीशी झालेली दिसली असती. जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा तसं होईल. मधले अडीच महिने दुपारचा सूर्य डोक्यावरून जरा उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे जी उत्तरेची बाजू तू ‘सावलीची’ म्हणून नेच्यांना दिलीस, तिथे ढग फाटले की ऊन उतरतं. आणि डिसेंबरात सूर्य इतका दक्षिणेला कलतो की पडवीत भिंतीपर्यंत ऊन येतं. एक वर्ष खडूने उन्हाच्या कडा आख. चित्रकलेच्या तासाला छायाप्रकाश शिकवला तो काय फक्त फुलदाणीसाठी?

बेचाळीस कुंड्यांऐवजी आत्ता सहा. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, जास्वंद, मोगरा आणि एक रिकामी. शेजारीण काहीतरी देतेच. कुंड्या मातीच्या घे. धारावीच्या कुंभारवाड्यात एक चक्कर मार, भट्टीचा धूर डोळ्यांत गेला तरी चालेल, पण बोटाने टिचकी मारून खणखणीत वाजणारी निवड. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेव, मग लाल माती, शेणखत आणि मूठभर लिंबोळी पेंड. मुंबईत झाडं तहानेने कमी मरतात, पायाशी पाणी साचून जास्त मरतात. तुळस तर थेट धारेखाली आठ दिवसांत काळी पडते, तिला पागोळीच्या आत घे. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढ, औषधाच्या दुकानात धावू नकोस.

कुंडीखालच्या ताटल्या ठेवूच नकोस. ठेवल्यास तर दर रविवारी ओतून, घासून ठेव. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पंख फुटून तुलाच चावायला येतो. बाटलीतल्या मनीप्लांटलाही हाच नियम. महापालिकेचे लोक तपासायला येतात, त्यांना चहा विचार.

अंगणात मोठं झाड लावायची घाई नको. शेवगा दाराशी नको म्हणायचे ते निव्वळ अंधश्रद्धेतून म्हणत नव्हते. त्याचं लाकूड काकडीसारखं मोडतं. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं, तेव्हा आमच्या मागचा शेवगा शेजारच्या न्हाणीघरावर आडवा झाला. शेंगा मात्र आम्ही दोन्ही घरांनी मिळून खाल्ल्या. आजीचा जो आंबा आहे त्याची फांदी कौलांना लागत असली तरी परस्पर कुऱ्हाड चालवू नकोस, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पारिजातक लाव हवं तर. भाद्रपदात पहाटे अंगणात त्याची चटई पडते, आणि त्या दिवशी झाडू थोडा उशिरा मारावा एवढा आळस माणसाला शोभतो.

आता कुत्र्यामांजरांचं. तू वहीत कुठल्यातरी परदेशी केसाळ कुत्र्याचं चित्र काढलंस. त्याला आपल्या मे महिन्यात काय वाटेल याचं चित्र काढायचं राहिलं. गल्लीतलं पिल्लू घे. ते इथल्या उकाड्याला, दिवाळीच्या फटाक्यांना (हे थोडंसंच) आणि शेजारच्या काकूंना सरावलेलं असतं. पैसे दुकानदाराला देण्यापेक्षा लशींना ठेव. रेबीजची तर हवीच, पण लेप्टोचीही वर्षाच्या वर्षाला, पावसाळ्याच्या आधी. उंदराच्या लघवीने बाटलेल्या पाण्यातून तो रोग येतो आणि आपल्या अंगणात पाणीही तुंबतं, उंदीरही असतात. माझा मोती त्यानेच गेला. डॉक्टरांनी दोनदा आठवण केली होती, मी ‘परीक्षा संपू देत’ म्हणत राहिले. शेवटी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेला तोवर उशीर झाला होता. तूही घोटाभर पाण्यातून चालून आलास, पायाला जखम असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचार. आणि कुत्र्याचा महापालिकेचा परवाना काढ, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मांजर घरात असलं की काही वस्तू दाराबाहेर. पावसाळ्यात आपण कपाटात डांबरगोळ्या टाकतो, त्या मांजराला विष. वासाचं फिनेलही तसंच, त्या फरशीवर चालून ते पंजे चाटतं. मी साबणाच्या पाण्याने पुसते आणि कपड्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवते. फुलदाणीसाठी तू लिलीची फुलं काढलीस, त्यांचा परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं घालवतो. कुंपणाला कण्हेरही नको, कुत्रं काय चावेल सांगता येत नाही.

आमची मांजर, तिचं नाव खारी. रंग अगदी खारी बिस्किटाचा, आणि तशीच थरावर थर घालून झोपते. या घरात कुठे बसायचं हे मला तिने शिकवलं. जूनमध्ये ती चुलीमागच्या गोणपाटावर असते, कारण तिथली भिंत कोरडी. ऑक्टोबरच्या उकाड्यात न्हाणीच्या उंबऱ्यावर, तिथे परसातून झुळूक येते. थंडीत सकाळी काचेच्या कौलाखाली, आणि ऊन सरकलं की ती सरकते. मी आरामखुर्ची वर्षभर दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली होती, चित्रात चांगली दिसते म्हणून. एका ऑक्टोबरात वैतागून ती न्हाणीकडच्या दाराशी ओढली. तेव्हापासून ती तिथेच आहे आणि तिच्यावर कोण बसणार यावरून आम्हा दोघींचा वाद आहे.

संध्याकाळी कोळीण पाटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी ‘बांगडेऽऽ’ म्हणाली की खारी कान टवकारते, मी पातेलं घेते. ओट्यावर बसून निवडत असताना कुणीतरी अळूची पानं मागायला येतं, कुणी गणपतीसाठी दूर्वा. पाऊस असला तर कौलांवरचा आवाज एवढा मोठा की बोलणं थांबतं आणि सगळे नुसते बसून राहतात. इमारतीतल्या माझ्या बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणते, ‘आणि गळतं त्याचं काय?’ गळतं. बादली ठेवतो.

सामानाचं दसऱ्यानंतर बघू. ओशिवऱ्याच्या जुन्या लाकडी सामानाच्या बाजारात मी तुझ्याबरोबर येईन, तू एकटा गेलास तर सागाच्या भावात पॉलिश केलेलं भलतंच लाकूड आणशील. पडद्यांसाठी मंगलदास मार्केट, सुती कापड, फिकट रंग. गडद रंग आपल्या उन्हात वर्षात विटतो. तोवर आजीची लोखंडी खाट, तिचा पाट आणि तो काळा पडलेला पितळी डबा एवढ्यावर भागव. डबा चिंचेने घास.

मांजर मात्र दसऱ्यापर्यंत थांबवू नकोस, तेवढी एक गोष्ट आधी ने. खारीला अक्षय्य तृतीयेला चार पिल्लं झालीत. अजून दूध पितात, तेव्हा जूनच्या शेवटाला ये. दोन ने, एक नको. एकटं पिल्लू रात्रभर तुझ्या पायांची शिकार करील आणि सकाळी कामावर तू डुलक्या घेशील. करडं आणि पांढऱ्या मोज्यांचं, ही जोडी एकमेकांना सोडत नाही. पिशवी आणू नकोस, झाकणाची टोपली आण, लोकलमध्ये बाहेर येतात. आणि येताना माझी शिडी परत आण, ती मार्गशीर्षापासून तुझ्याकडे आहे.

तुझी,
बाई